झडप उघडी आहे ना

हे तुम्हाला सांगायचं नाही असं मला बजावलं आहे, काकू. वेंडीमावशीने नाही, डॉक्टर नीमींनी. मावशीने स्वतः तर कितीदा सांगायचं ठरवलं होतं, पण ते पुढे येईल. मला भराभर बोलता येत नाही. शाळेत बाई प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर माझ्याकडे असतं, पण ते ओठांपर्यंत येईस्तोवर दुसऱ्या कोणीतरी देऊन टाकलेलं असतं. म्हणून मी सावकाश सांगते. मध्ये काही विचारू नका. मी थांबले तर मला पुन्हा सुरुवात करता येणार नाही.

आत डॉक्टरांना आणि मावशीला अजून वेळ लागेल. लॅब्रॅडॉर कुत्री अडली आहे, पोट उघडून पिल्लं काढताहेत. तो धडधड आवाज येतोय तो जनरेटरचा. त्याच्यावर ऑपरेशनचा दिवा आणि पिल्लांची ऊब एवढंच चालतं. बाहेर आपल्याला हा कंदील. वीज संध्याकाळपर्यंत येत नाही बहुतेक. असं बर्फ धरलं की दुपारीच अंधारून येतं, हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही इथल्याच.

तुम्ही आत आलात, टोपीवरचं बर्फही झटकलं नाहीत, आणि विचारलंत की झडप म्हणजे कसली झडप. तुमच्या बाबांना खुब्याच्या ऑपरेशनसाठी भूल देत होते, तेव्हा त्यांनी नर्सचा हात धरून विचारलं, झडप उघडी आहे ना. नर्सला वाटलं औषधाने बरळताहेत. ती हो म्हणाली. मग ते झोपले, आणि पुन्हा जागे झाले नाहीत. तिकडे कोणालाच काही सांगता येईना, म्हणून तुम्ही गावभर विचारत फिरलात, आणि शेजारचे रेमंड म्हणाले की हॉस्पिटलात जायच्या आधी आर्वोने, म्हणजे तुमच्या बाबांनी, त्यांना गाडी जनावरांच्या दवाखान्याकडे घ्यायला लावली होती.

इथली कार्ला तुम्हाला बसा म्हणाली आणि आत पळाली. कार्ला कधी गप्प नसते. मेलेल्या माणसालाही ती टोमणा मारेल. ती तुमच्याकडे न बघता पळाली ते पाहिलं, आणि मी ठरवलं.

झडप आमच्याकडची आहे, काकू. भुलीच्या मशीनची.

माझी आई कागदाच्या गिरणीत दुपारपाळीला असते. म्हणून शाळा सुटली की मी इथे येते, त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी अभ्यास करते आणि मावशीबरोबर घरी जाते. मी इथे काम करत नाही, मला रक्त बघवत नाही. पण इथे बसून सगळं कानावर पडतं. कार्ला मला मांजर म्हणते, कारण मी खोलीत आहे हे कोणाच्या लक्षातच राहत नाही. डॉक्टर येतात, कापतात, शिवतात आणि पुढच्या गोठ्यावर जातात. शीर शोधणं, सुई लावणं, एक्स-रे काढणं, भूल दिलेल्या जनावराच्या उशाशी बसून त्याचा श्वास बघत राहणं, हे टेक्निशियनचं. म्हणजे मावशीचं आणि कार्लाचं. आणि जनावर गेलं, तर मालकापाशी उभं राहणंही त्यांचंच.

त्या वेळी म्हणायचं एक वाक्य ठरलेलं आहे. तुमची काही चूक नाही. ते सगळ्यांना सांगतात. एका माणसाने गॅरेजमध्ये गाडीच्या इंजिनात घालायचं हिरवं विषारी पाणी उघडं ठेवलं होतं आणि त्याच्या मांजराने ते चाटलं. त्यालाही मावशीने हेच सांगितलं. तो गेल्यावर कार्ला म्हणाली की नाही तर काय, बर्फ पडलं ती आपली चूक. मावशी तिच्यावर रागावली. म्हणाली, माणसाला घरी जायचं असतं, गाडी चालवायची असते, हातात काहीतरी देऊन पाठवावं लागतं. आपल्याकडे देण्यासारखं दुसरं काय आहे?

आता मुस्टीचं, तुमच्या बाबांच्या कुत्र्याचं सांगते.

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता. शाळेला सुट्टी, म्हणून मी सकाळपासून इथे होते. कार्ला नवऱ्याबरोबर रानातल्या छावणीवर गेली होती, आणि मावशी एकटीच होती. मुस्टीचे मागचे दात किडले होते, ते काढायचे होते. तुमचे बाबा त्याला सकाळी सोडून गेले. त्याच्या कानाच्या मागे खाजवून म्हणाले, हे लोक चांगले आहेत, यांना चावू नकोस.

भुलीच्या मशीनला एक काळी रबरी पिशवी असते, काकू. जनावर श्वास सोडतं तेव्हा ती फुगते, घेतं तेव्हा बसते. तिच्याकडे बघत राहायचं. ती हलते तोवर सगळं ठीक. आणि वर एक झडप असते, फिरवायची, नळाच्या तोटीसारखी. रोज सकाळी मशीन कुठे गळत नाही ना ते बघतात. झडप बंद करायची, नळीचं तोंड अंगठ्याने दाबायचं, पिशवी फुगवायची आणि ती तशीच राहते का बघायचं. राहिली की झडप पुन्हा उघडायची. ती उघडली नाही तर जनावराने सोडलेल्या श्वासाला बाहेर जायला वाट राहत नाही. तो पिशवीत साठतो. मग छातीत साठतो.

मावशीने पिशवी फुगवली आणि तेवढ्यात पुढचं दार आपटलं. कोणीतरी शिकारी कुत्रा हातांवर घेऊन आलं होतं, काटेरी तारेने मांडी फाटलेली. मी भिंतीकडे तोंड करून बसले. मावशी धावत आली, पट्टी बांधली, परत गेली. हात धुतले. मुस्टीला झोपवलं, नळी घातली, मशीनला जोडलं. डॉक्टर त्याच्या जबड्यात वाकले. तिला अगदी आठवत होतं की तिने झडप उघडली. ती म्हणते, अजून आठवतं. बोटांना आठवतं. फक्त ते आदल्या दिवशीचं असणार, किंवा त्याच्या आदल्या. रोजचंच काम ना.

मग त्या शिकारी कुत्र्याची पट्टी सुटली आणि मालक हाका मारू लागला. मावशी पुन्हा इकडे आली. परत गेली तेव्हा पिशवी फुटबॉलसारखी टम्म झाली होती.

तिने झडप फिरवली तो आवाज मी इथवर ऐकला. टायरमधून हवा सुटावी तसा, लांबच लांब. त्यानंतर कसलाच आवाज नाही.

डॉक्टरांनी तुमच्या बाबांना हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका, ते वाईट नाहीत. ते मावशीला म्हणाले की मशीनच्या शेजारी मीही होतो, मीही बघायला हवं होतं, आणि म्हाताऱ्याला हे कळून त्याच्या हाताला काय लागणार आहे? तुमचे बाबा इथेच उभे होते, काउंटरपाशी. टोपी हातात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मावशीकडे वळून हळूच म्हणाले, "सकाळी मी त्याला सॉसेजचा तुकडा दिला होता. भुलीच्या आधी काही खायला देऊ नका, असं तू सांगितलं होतंस. पण तो माझ्याकडे बघत होता."

मावशीचा चेहरा मी पाहिला. तिने तोंड उघडलं. आणि म्हणाली, "तुमची काही चूक नाही, आर्वो."

ते वाक्य त्या दिवशी अक्षरशः खरं होतं. आणि ते तिने नेहमीच्याच आवाजात म्हटलं.

बाबांनी मान हलवली. मुस्टीच्या पंजाचा ठसा घेतला, तो रुमालात गुंडाळला आणि गेले. त्यांच्या चालण्यावरून कळत होतं, ते सॉसेज त्यांच्याबरोबर घरी चाललं आहे.

त्यानंतर आठवडाभरात ते सुरू झालं.

पहिल्यांदा ऐकलं मी. मी गणितं करत होते. बाहेर उजेड कमी झाला होता पण आत दिवे लावले नव्हते, आणि छपरावरचं बर्फ मधूनमधून घसरून पडत होतं. दातांच्या खोलीतून कोणीतरी झोपलं असावं तसा आवाज आला. दोन तोकडे श्वास, मग एक लांब, आणि लांब श्वासाच्या शेवटी बारीकशी शीळ. मला वाटलं एखादं जनावर भुलीतून उठायचं आहे. बराच वेळ मी तसंच समजून चालले. मग लक्षात आलं की त्या दिवशी कोणालाच भूल दिली नव्हती.

मी दाराशी जाऊन पाहिलं. टेबल रिकामं, पुसलेलं. जंतुनाशकाचा वास, आणि त्याच्या खाली ओल्या कुत्र्याचा. मशीनची नळी हुकाला टांगलेली होती, तिच्या तोंडाला टोपण. आणि पिशवी हलत होती. दोनदा थोडी... मग पूर्ण... रबर अगदी हलकं करकरत होतं. मग बसायची. मग पुन्हा.

मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही. मी मावशीची बाही धरून तिला तिथे नेलं. तिने आधी ऑक्सिजनची कळ पाहिली, ती बंद होती. मग हात वर नेऊन झडप चाचपली. ती बंद होती. तिने ती उघडली, आणि पिशवी निपचित झाली. मावशी मला म्हणाली की वाऱ्याने होतं असं, खोली तापवायची भट्टी चालू झाली की. पण तिचा हात झडपेवरून निघेना.

मग रोज. संध्याकाळी जाताना झडप उघडी ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उजेड उतरला की ती बंद सापडायची. मुस्टीनंतर त्यांनी एक रीत घातली होती. भूल द्यायच्या आधी एकीने झडपेला हात लावून मोठ्याने विचारायचं, झडप उघडी आहे ना, आणि दुसरीने स्वतः डोळ्यांनी बघून म्हणायचं, उघडी आहे. दोघींनी म्हटल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही. कार्ला सुरुवातीला चेष्टा करायची. म्हणायची, भूत पाळलंय तर निदान त्याला फरशी तरी पुसायला लावा. डॉक्टरांनी ते मशीन दुरुस्तीला पाठवलं. ते चांगलं आहे म्हणून परत आलं. मग एकदा कार्ला एकटी असताना ती त्या खोलीत गेली, आणि बाहेर येऊन बराच वेळ कॉफीचा कप नुसता धरून बसली. त्यानंतर तिने चेष्टा केली नाही. मशीन सामानाच्या खोलीत हलवलं, वर घोंगडी टाकली. घोंगडी हलायची.

मावशीने मला सगळं सांगितलं ते तुमच्या बाबांच्या घरासमोर. रविवारी ती मला गाडीत घेऊन तिकडे जायची. इंजिन चालू ठेवून आम्ही बसायचो. मांडीवर पुल्ला, आमचा गोड पाव, नुकताच भाजलेला, वेलदोड्याचा वास गाडीभर. खिडकीतून ते दिसायचे. टेबलाशी एकटे, आणि जेवताना मधूनच खाली बघायचे, जिथे कोणी नव्हतं. मावशी दाराची कडी पकडायची आणि सोडायची. मग पुल्ला घेऊन आम्ही परत यायचो आणि तो कोणी खायचं नाही. शनिवारी आईने सौना, वाफ घ्यायची खोली, तापवली तरी ती आत बसायला येईना. आईला वाटलं तब्येत बरी नाही. मावशी मला म्हणाली, "त्यांच्या ताटातलं ते सॉसेज माझं आहे, ब्रिटा. मला ते उचलून घ्यायचंय, आणि मला उठता येत नाही."

जानेवारी गेला.

मग ते इथे आले. रेमंडकाका गाडीतच बसले होते. बाबा काठी टेकत आले, मुस्टीची गादी काखेत आणि उरलेल्या खाण्याची पिशवी हातात. इथल्या बेवारशी कुत्र्यांना द्या म्हणाले. डॉक्टर एका गाईला बघायला गेले होते, कार्ला घरी गेली होती. मावशी आणि मी. त्यांना मी दिसले नसेन.

त्यांनी सांगितलं की खुब्याचं ऑपरेशन ठरलं आहे, तुम्ही ग्रीन बेहून येणार आहात. आणि म्हणाले की रात्रीपासून काही खायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, पण मला बजावायची गरज नाही, पोरी. मी पाण्याचा थेंबसुद्धा घेणार नाही. एकदा शिकलो.

ते हसत म्हणाले. आणि तेव्हाच सामानाच्या खोलीत ते सुरू झालं.

त्यांना कमी ऐकू यायचं ना? मावशीला वाटलं त्यांना कळणार नाही. ती मोठमोठ्याने बोलायला लागली, रस्त्यांबद्दल, बर्फाबद्दल. पण त्यांनी मान तिरकी केली. मुस्टीच्या नाकात साळिंदराचे काटे घुसले होते, तो लहान असताना, तुम्हाला आठवत असेल. तेव्हापासून तो झोपेत शीळ घालायचा. तुमच्या बाबांना ती कानाने ऐकावी लागत नसणार.

"आत कोण झोपलंय?" त्यांनी विचारलं.

मावशी म्हणाली, कोणी नाही. पण ते काठी टेकत निघाले, तिला थांबवता येईना. मीही मागे गेले. ती खोली थंड असते. त्यांनी घोंगडी काढली आणि काठी भिंतीला लावून ठेवली. पिशवी फुगत होती... बसत होती... दोन तोकडे, एक लांब. त्यांनी तळहात तिच्या खाली नेला, झोपलेल्या कुत्र्याच्या छातीखाली नेतात तसा, त्याला जाग येऊ नये म्हणून.

खिडकीतून फक्त बर्फाचा उजेड येत होता.

मग मावशी बोलली. इतके महिने तिला जे जमलं नव्हतं ते ती एका दमात बोलली. "आर्वो, सॉसेजमुळे नाही. तुमच्यामुळे नाही. मी झडप उघडायला विसरले. श्वास बाहेर जाईना म्हणून गेला तो. माझ्यामुळे गेला."

बाबांनी पिशवीवरची नजर काढली नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी तिचा हात थोपटला. म्हणाले, "आमची पहिली कुत्री गेली तेव्हाही तू इथेच होतीस. नवीन होतीस. तेव्हाही म्हणालीस, तुमची काही चूक नाही. आता दुसऱ्याचं स्वतःवर घ्यायलाही शिकलीस."

"मी खरं सांगतेय."

"हो, पोरी. तुम्ही सगळे खरंच सांगता. चांगले आहात."

मावशीने त्यांचा हात धरून वर नेला, झडपेवर ठेवला. म्हणाली, ही बघा, ही अशी बंद राहिली, बघा ना. ती जवळजवळ भीक मागत होती. त्यांनी ती चाचपली. अंगठ्याने हळूच फिरवली. पिशवी एकदा पूर्ण बसली आणि थांबली. मग ते बराच वेळ तसेच उभे राहिले, हात झडपेवर, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट दिसलं नाही. काकू, मी खूप प्रयत्न केला, पण मला दिसलं नाही. त्यांनी काठी घेतली. दारात मला बघून ते दचकले, आणि मग टोपीला हात लावला, मोठ्या बाईला लावतात तसा.

मावशी त्या संध्याकाळी गाडीत म्हणाली की आयुष्यभर इतकं गोड बोललेय मी, की खरं सांगायला आवाजच उरला नाही.

त्यानंतर पिशवी हलली नाही. झडप रोज उघडीच सापडायची. कार्ला पुन्हा बडबडायला लागली. मावशीही जेवायला लागली, मी तिला एकदा हसतानाही पाहिलं. तिने ठरवलं होतं की ऑपरेशन झालं की मार्केट शहरातल्या हॉस्पिटलात त्यांना भेटायला जायचं, आणि पुन्हा सांगायचं. ते मानेपर्यंत सांगायचं.

ऑपरेशनच्या दिवशी बर्फामुळे शाळा बंद होती. म्हणून सकाळी मी इथे होते. आणि मी पुन्हा ऐकलं.

पण ती शीळ नव्हती. दोन तोकडे, एक लांब, तसं नव्हतंच. जड श्वास होता, संथ, आणि दोन श्वासांच्या मध्ये इतकी मोठी गप्प जागा... की मला वाटायचं, संपलं. मग पुन्हा यायचा. मावशी धावत आत गेली. झडप उघडी होती. ऑक्सिजन बंद होता. ती तिथे जमिनीवर बसली आणि पिशवीकडे बघत राहिली, भूल दिलेल्या जनावराकडे बघत बसते तशी. मी दारात होते. जेवणाच्या वेळेच्या जरा आधी पिशवी एकदा फुगली, पूर्ण, रबर चकचकीत होईपर्यंत...

आणि बसली नाही.

दुपारी रेमंडकाकांचा फोन आला. मावशीने घड्याळाकडे पाहिलं आणि कोणाला काही विचारलं नाही.

पिशवी आजपर्यंत तशीच होती, काकू. भरलेली. झडप उघडी, नळी उघडी, हवा बाहेर जायला सगळ्या वाटा मोकळ्या, आणि ती बसेना. डॉक्टर म्हणाले, काढून फेकून द्या, नवीन लावू. मावशी त्यांना हात लावू देत नाही. मी तुम्हाला मघाशी सांगितलं ना, पिशवी फुगते ती श्वास सोडल्यावर. आत जे आहे ते कोणीतरी सोडलेलं आहे. कार्ला म्हणाली, मग दाब एकदा आणि मोकळं कर त्याला. मावशी म्हणाली, आणि त्यात सॉसेजच असलं तर?

परवा ती नसताना मी हात लावला. गरम होती.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं नसतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि मला बोलता येत नाही. पण आज तुम्ही दारातून आत आलात आणि म्हणालात, मी आर्वोची मुलगी, तेव्हा मी सामानाच्या खोलीत दार उघडं ठेवून टॉवेल काढत होते. त्याच क्षणी पिशवी हलली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. ती हळूहळू खाली यायला लागली, आणि नळीतून हवा येत होती, माझ्या गालाला लागली. कॉफीचा वास होता तिला. आणि त्या हवेत शब्द होते, काकू. आवाज नव्हता, नुसते शब्द. ते फिनिश होते, तुमच्या बाबांच्या भाषेतले, मला ती येत नाही. मी ते मनात घट्ट धरून ठेवलेत, तुम्हाला विचारायचं म्हणून. मग तुम्ही बोलायचं थांबलात, खुर्चीत बसलात, आणि पिशवीही थांबली. निम्मी अजून भरलेली आहे. मावशीला हे माहीत नाही. मला वाटतं, तुम्ही नुसत्या दारापाशी जाऊन काहीतरी बोललात ना, काहीही, तर उरलेलं...

हो मावशी. आले. आणते.

पिल्लू श्वास घेत नाहीये, टॉवेल हवाय, चोळायला. तुम्ही इथेच बसा, काकू. एकट्या आत जाऊ नका. मी येईपर्यंत जोरात काही बोलू नका, आणि आतून तुमच्या नावाने कोणी हाक मारली तर तुम्ही आधी विचारा, झडप...